‘शहाणी लॅटिना’: एका वाक्याच्या आधी आणि नंतर

२६ ऑक्टोबर २००१ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या एका न्यायाधीशांचं व्याख्यान झालं. सोनिया सोतोमायोर तेव्हा ४७ वर्षांच्या होत्या आणि अमेरिकेच्या सेकंड सर्किट अपील न्यायालयात काम करत होत्या. न्यायाधीश मारिओ ओल्मोस यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान होतं आणि विषय होता, लॅटिना न्यायाधीशाचा आवाज. पुढच्या वर्षी ते तिथल्याच एका कायदाविषयक नियतकालिकात छापून आलं आणि बरीच वर्षं शांतपणे तिथेच राहिलं. मे २००९ मध्ये अध्यक्ष ओबामांनी त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे केलं आणि या भाषणातलं ३२ शब्दांचं एक वाक्य देशभर गाजू लागलं.

वाक्य सर्वांना पाठ झालं. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, ते फार थोड्यांनी वाचलं. आपली सांस्कृतिक ओळख व्यासपीठावरून सांगायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकायला या भाषणासारखं उदाहरण क्वचित सापडतं. फार सुंदर जमलेली जागा आणि फसलेली जागा, दोन्ही त्यात आहेत आणि दोन्हींची कारणं बोट ठेवून दाखवता येतात.

आधी शब्द. लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या अमेरिकन पुरुषाला लॅटिनो म्हणतात, स्त्रीला लॅटिना. स्पॅनिशमध्ये स्त्री-पुरुषांचा मिळून घोळका असेल तर पुल्लिंगी रूपच वापरतात. म्हणून एखादी स्त्री स्वतःला मुद्दाम ‘लॅटिना’ म्हणते, तेव्हा समाज आणि लिंग या दोन्ही गोष्टी ती एकाच शब्दात सांगते. सरकारी कागदांवर ‘हिस्पॅनिक’ हा शब्द आधी रुळला. १९८० च्या जनगणनेत सगळ्या अमेरिकन घरांना त्याबद्दल प्रश्न विचारला गेला आणि ‘लॅटिनो’ हा पर्याय छापील अर्जावर २००० साली आला. सोतोमायोर बर्कलीत बोलल्या त्याच्या फक्त एक वर्ष आधी. त्यामुळे या शब्दाचा अर्थ अजून पूर्ण ठरायचा होता, आणि तो ठरवण्याचं थोडं काम त्या भाषणात होणार होतं.

वक्तृत्व म्हटलं की आपल्याला शाळेतली स्पर्धा आठवते: सात मिनिटं, पाठ केलेले शेर, चढता आवाज, उजव्या हाताची मूठ. इथे तो अर्थ सोडून द्या. श्रोता आपल्या बाजूला यावा म्हणून वक्त्याने केलेली प्रत्येक निवड म्हणजे वक्तृत्व: कोणता शब्द, कोणता तपशील, कोणत्या क्रमाने, ‘मी’ की ‘आपण’. ॲरिस्टॉटलने यासाठी तीन आधार सांगितले, वक्त्याची पत, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद. विसाव्या शतकात केनेथ बर्क या अमेरिकन अभ्यासकाने त्यात मोलाची भर घातली. पटवून देण्याच्या आधी तादात्म्य लागतं, असं त्याचं म्हणणं. समोरच्याला ‘ही माझ्यासारखीच आहे’ असं वाटलं की अर्धं काम झालं. सांस्कृतिक ओळख सांगणाऱ्या वक्त्याची अडचण नेमकी इथे असते. आपण वेगळे आहोत हे तर सांगायचं, पण सांगता सांगता ऐकणारा जवळ यायला हवा.

सोतोमायोर यांनी सुरुवात केली ती ‘मी कोण?’ या प्रश्नाने, आणि उत्तर दिलं एका शब्दात: न्यूयॉर्करिकन. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली-वाढलेली, आईवडील पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचे. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना हा शब्द माहीत नसेल, असं म्हणून त्यांनी तो लगेच उलगडून सांगितला. हे सभ्यतेपुरतं स्पष्टीकरण नव्हतं. कॅलिफोर्नियातले बहुसंख्य लॅटिनो मेक्सिकन वंशाचे. त्या सभागृहात ‘आपण सगळे लॅटिनो’ असं गुळगुळीत वाक्य टाकणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं की मी तुमच्यातली आहे, पण तुमच्यासारखी नाही. एखाद्या कोल्हापूरकराने नागपूरच्या सभेत आपण कोल्हापूरचे आहोत हे लपवण्याऐवजी त्यानेच सुरुवात करावी, तसं.

याच भागात एक बारीक शब्द आहे. इतर अनेक स्थलांतरितांप्रमाणे माझे आईवडीलही गरिबीमुळे इथे आले, असं त्या म्हणतात. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ च्या कायद्याने तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेलं आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला आलेले त्यांचे आईवडील कायद्याच्या भाषेत परदेशातून आलेलेच नव्हते. त्यांच्या आई तर अमेरिकन लष्कराच्या महिला दलातून आल्या होत्या. कायद्याच्या जाणकार असलेल्या बाईंना हे माहीत नसणं शक्य नाही. तरी त्यांनी ‘स्थलांतरित’ हाच शब्द घेतला, कारण समोर बसलेल्या बहुतेक घरांची कथा त्या शब्दात होती. कागदावरच्या दर्जापेक्षा जगलेला अनुभव त्यांनी पुढे केला. त्यांचे वडील तिसरीपर्यंत शिकलेले कारखान्यातले कामगार होते, इंग्रजी बोलत नव्हते, आणि सोनिया नऊ वर्षांच्या असताना वारले. अशा घराला ‘स्थलांतरितांचं घर’ म्हणणं खोटं नाही.

यानंतर येतं जेवण, आणि इथे थोडं थांबायला हवं.

लॅटिना असणं म्हणजे काय, याचं पहिलं उत्तर त्यांनी ताटातून दिलं. सणावारी खाल्लेल्या ‘आरोस, गांदुलेस, पेर्निल’ने भरलेल्या थाळ्या. लगोलग इंग्रजीत अर्थ: भात, बीन्स, पोर्क. मग आणखी पुढे जाऊन मोर्सिया, हरभऱ्यांबरोबर शिजवलेले डुकराचे पाय, डुकराची जीभ आणि कान.

यातले ‘गांदुलेस’ म्हणजे आपली तूर. वाळवून डाळ केलेली नाही, हिरवे ओले दाणे, हिवाळ्यात आपण शेंगा सोलून उसळ किंवा आमटी करतो ते. तुरीचं मूळ भारतातलं. आफ्रिकेमार्गे, गुलामांच्या व्यापाराच्या काळात, ती कॅरिबियन बेटांवर पोचली आणि पोर्तो रिकोच्या भातात अशी मुरली की आज तिच्याशिवाय तिथला नाताळ होत नाही. कांदा, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीसारख्या पाल्याच्या वाटणात हा भात शिजतो. पेर्निल म्हणजे डुकराच्या खांद्याचा किंवा मांडीचा मोठा तुकडा, मसाला चोळून मुरवलेला आणि तासन्‌तास भाजलेला. ‘भात, बीन्स, पोर्क’ या भाषांतरात यातलं काहीच उरत नाही. तुरीच्या ओल्या दाण्यांच्या आमटीला ‘कडधान्याचं सूप’ म्हटल्यावर जेवढं उरेल तेवढंच.

मग भाषांतर दिलंच कशाला? आणि दिलं, तर स्पॅनिश शब्द आधी कशाला? या क्रमात युक्ती आहे. स्पॅनिश आधी आल्याने ज्यांना तो शब्द कळतो त्यांच्या तोंडाला क्षणभर आधी पाणी सुटतं. ज्यांना कळत नाही ते क्षणभर बाहेर उभे राहतात आणि लगेच आत बोलावले जातात. क्रम उलटा केला, आधी ‘भात’ आणि मग ‘त्याला आमच्यात आरोस म्हणतात’, तर तीच माहिती शब्दकोशातल्या नोंदीसारखी ऐकू येते. काही वक्ते भाषांतर देतच नाहीत. १९७२ साली ॲरिझोनात शेतमजुरांच्या लढ्यात डोलोरेस हुएर्ता यांनी दिलेली ‘सी, से प्वेदे’ ही घोषणा, ‘हो, जमेल’ अशा अर्थाची, इंग्रजी सभांतही स्पॅनिशमध्येच घुमली. घोषणेला ते शोभतं. तिथे अर्थापेक्षा ताल आणि एका सुरात ओरडणं महत्त्वाचं. स्वतःची ओळख उलगडणाऱ्या भाषणात मात्र दहा शब्द न उलगडता सोडले, तर निम्मं सभागृह गळून पडतं.

आता पदार्थांची निवड बघा. अमेरिकेतल्या गोऱ्या मध्यमवर्गाला लॅटिनो जेवण म्हणून जे ठाऊक आणि प्रिय आहे, त्यातलं काहीच इथे नाही. मोर्सिया म्हणजे डुकराच्या आतड्यात रक्त भरून केलेलं सॉसेज. आपल्याकडे दलित आत्मकथनांनी रक्ती आणि वजडी हे शब्द छापील मराठीत आणले, तेव्हा ज्यांच्या घरात ते शिजत नव्हतं त्या वाचकांना धक्का बसला होता, आणि ज्यांच्या घरात शिजत होतं त्यांना पहिल्यांदा आपलं ताट पुस्तकात दिसलं होतं. इथेही तेच घडतं. सगळ्यांना आवडेल असा पदार्थ पुढे केला असता तर तो पाहुण्यांसाठी मांडलेला फराळ झाला असता. कान, जीभ आणि पाय हे गरिबाच्या स्वयंपाकघराचे अवयव आहेत, जनावराचं काही वाया जाऊ न देणाऱ्या घराचे. गरिबीबद्दल एकही करुण वाक्य न बोलता त्यांनी ती पानात वाढली.

श्रोते दुरावू नयेत म्हणून पुढच्याच वाक्यात हसू आहे: इथले मेक्सिकन-अमेरिकन मनात म्हणत असतील, ‘या पोर्तो रिकोवाल्यांच्या आवडी काही वेगळ्याच दिसतात’. आणि लगेच कबुली: आमच्यातल्या काहींच्या असतात खऱ्या, माझ्यासारख्यांच्या. श्रोत्याच्या मनात येणारा शेरा त्याच्या आधी आपणच बोलून टाकण्याचा हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. शेरा वक्त्याच्याच तोंडून आला की त्याचा डंख जातो.

जेवणानंतर संगीत, सिनेमा, खेळ. घरच्या समारंभातलं मेरेंगे हे नाचाचं संगीत, काळजाला पीळ पाडणारी स्पॅनिश प्रेमगीतं, शनिवारी दुपारी मावशी आणि चुलतभावंडांबरोबर पाहिलेले कान्तिन्फ्लासचे सिनेमे. कान्तिन्फ्लास हा मेक्सिकन विनोदी नट, तो काही पोर्तो रिकोचा नाही, असं त्या स्वतःच सांगतात आणि त्याची तुलना ॲबट आणि कॉस्टेलो या अमेरिकन विनोदी जोडगोळीशी करतात. एका वाक्यात तीन माणसांशी बोलणं झालं: न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन मुलीशी, कॅलिफोर्नियाच्या मेक्सिकन विद्यार्थ्याशी (तुमचा नट आमच्याही बालपणात होता) आणि स्पॅनिश न येणाऱ्या श्रोत्याशी.

शेवटी शनिवारची रात्र. मोठी माणसं डॉमिनो खेळताहेत, पोरं लोतेरिआ खेळताहेत, म्हणजे आपल्या हौजीसारखा खेळ. आजी आकडे पुकारते आणि पोरं कागदावरच्या आकड्यावर हरभरा ठेवतात. माझ्या मते अख्ख्या भाषणातला हा सर्वात ताकदीचा तपशील आहे. त्या हरभऱ्यात घरची ऐपत आहे (वेगळ्या सोंगट्या विकत आणलेल्या नाहीत), आजीचं घरातलं स्थान आहे, आणि थोड्या वेळापूर्वीच ताटात दिसलेला हरभरा आता खेळात आलाय. वाक्यं ‘लॅटिना असणं म्हणजे’, ‘माझ्या लॅटिना ओळखीत’ अशा सुरुवातीने पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे वेगवेगळे तपशील एका धाग्यात ओवले जातात. सगळा भाग मोठ्याने वाचला तर दोन मिनिटांच्या आत संपतो.

इथे एक सोपी कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओळख सांगणाऱ्या वाक्यातलं समाजाचं नाव बदलून पाहायचं. ‘आमच्या पोर्तो रिकन घरात खूप माया, मोठं कुटुंब आणि चविष्ट जेवण असायचं’, या वाक्यात पोर्तो रिकनच्या जागी सांगलीकर घातलं तरी काही बिघडत नाही. म्हणजे वाक्य निकामी आहे. हरभरा, लोतेरिआ आणि आकडे पुकारणारी आजी मात्र जागा बदलायला तयार होत नाहीत. बहुतेक भाषणं इथेच फसतात: वक्त्याला आपला तपशील फार किरकोळ वाटतो, म्हणून तो काढून तिथे ‘समृद्ध वारसा’ असा शब्द बसवतो. उलट चूकही असते. तपशील फार झाले की प्रदर्शन होतं, श्रोता पर्यटक होतो. सोतोमायोर ताट, गाणं, सिनेमा आणि खेळ एवढ्यावर थांबतात.

आणि थांबल्यावर त्या जे करतात, ते मला भाषणाचं हृदय वाटतं. त्या विचारतात: यातल्या कोणत्या एका गोष्टीमुळे मी लॅटिना ठरते का? उत्तर लगेच देतात: उघडच आहे, नाही. प्रत्येक कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकन समाजाचं जेवण निराळं, सण निराळे. टाको म्हणजे काय हे मला कॉलेजात गेल्यावर मेक्सिकन-अमेरिकन रूममेटकडून कळलं. स्पॅनिश बोलता येणं हीसुद्धा अट नाही: मला ती बऱ्यापैकी येते, पण माझ्याहून तीनच वर्षांनी लहान असलेल्या भावाला जेमतेम येते.

दोन मिनिटं बांधलेलं घर वक्त्याने आपल्याच हाताने मोडायचं, याला धाडस लागतं. पण हे केलं नाही तर यादीची व्याख्या होते आणि व्याख्या झाली की पहारा सुरू होतो: मोर्सिया न खाणारी पुरेशी लॅटिना नाही, स्पॅनिश न येणारा बाहेरचा. भावाचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं. एकाच आईची दोन मुलं, एकाच घरात वाढलेली. भाषा हीच कसोटी धरली तर एक आत आणि एक बाहेर. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेली, मराठी समजणारी पण बोलताना अडखळणारी मुलं ज्या घरांत आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

यादी गेली, तर मग व्याख्या? तीही त्या करून दाखवतात: स्पेनने वसवलेल्या किंवा जिंकलेल्या, स्पॅनिश किंवा तिच्यातून झालेली मिश्रभाषा स्वीकारलेल्या लोकांना लॅटिनो म्हणता येईल. मी चांगली शिकले आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल, असं हसून म्हणतात आणि मग विचारतात की अशा निर्जंतुक व्याख्येतून अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला मोर्सिया का आवडते ते कुठे कळतं? यादीने ओळख सिद्ध होत नाही, व्याख्येने ती समजत नाही. मग उरतं ते वाढणं: कोणाबरोबर, कोणत्या घरात, कशाच्या वासात. भाषणाचा पुढचा सगळा युक्तिवाद याच पायावर उभा राहणार असतो. माणूस जिथे वाढतो ते त्याच्याबरोबर येतं, न्यायाधीशाच्या खुर्चीतसुद्धा.

मधला भाग मी भरभर ओलांडतो. त्यात अमेरिकेच्या स्वतःबद्दलच्या गोंधळाचं वर्णन आहे, विविधतेचा अभिमान बाळगायचा आणि वंश-रंग दिसतच नाही असंही म्हणायचं. न्यायालयांत किती स्त्रिया, किती लॅटिनो याचे आकडे आहेत. त्या काळासाठी ते उपयोगी होते, आज जुने झालेत. शैलीही बदलते: हरभरा मागे पडतो, प्राध्यापकांची नावं येऊ लागतात.

आता ते वाक्य.

सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जात असे: शहाणा वृद्ध पुरुष आणि शहाणी वृद्ध स्त्री खटल्यात एकाच निष्कर्षाला पोचतील. सोतोमायोर ती उद्धृत करतात, ती मुळात ओकॉनर यांचीच का याबद्दल शंका व्यक्त करतात आणि सांगतात की मला ती पूर्ण पटत नाही. एक तर शहाणपणाची सर्वमान्य व्याख्या असूच शकत नाही. दुसरं कारण म्हणजे ते प्रसिद्ध वाक्य. मराठीत ते साधारण असं होईल: ‘आपल्या अनुभवांच्या समृद्धीसह एखादी शहाणी लॅटिना स्त्री, ते आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा, बहुतेक वेळा अधिक चांगल्या निष्कर्षाला पोचेल, अशी मी आशा करीन.’

वाक्याचे सांधे मोकळे करून पाहू. ‘आशा करीन’ हा पहिला लगाम, दावा नाही तर इच्छा. ‘बहुतेक वेळा’ हा दुसरा. ‘ते आयुष्य न जगलेल्या’ हा तिसरा. म्हणजे अडचण गोरेपणात नाही, अनुभव नसण्यात आहे. ‘शहाणी’ हा चौथा, प्रत्येक लॅटिनाबद्दल हे विधान नाही. चार लगाम असूनही घोडा सुटला, तो ‘अधिक चांगल्या’ या शब्दांवरून. मूळ उक्तीत ‘एकच निष्कर्ष’ होता. त्याचं नैसर्गिक खंडन ‘वेगळा निष्कर्ष’ असं झालं असतं. ‘वेगळा’ म्हटलं असतं तर मुद्दा अनुभवाचा राहिला असता. ‘अधिक चांगला’ म्हटल्याबरोबर शिडी उभी राहिली, तिच्यावर कोण वर आणि कोण खाली हे आलं, आणि वरच्या-खालच्या पायऱ्यांवर वंशाची नावं लागली. भाषणाचा पहिला भाग साक्षीचा होता, मी असं जगले. हे वाक्य तुलनेचं आहे. साक्ष कोणी खोडू शकत नाही. तुलना केली की समोरचा माणूस लगेच आपली जागा शोधतो.

‘लॅटिना स्त्री’ ही द्विरुक्ती आहे, लॅटिना म्हणजे स्त्रीच. ती आली कारण वाक्य जुन्या उक्तीच्या साच्यात बसवलं होतं: शहाणा वृद्ध पुरुष, शहाणी वृद्ध स्त्री, शहाणी लॅटिना स्त्री. प्रसिद्ध ओळीचा साचा घेऊन त्यात आपला शब्द घालायचा, हा अलंकार मराठी सभांतही रोज ऐकू येतो. त्याची अट एकच: ऐकणाऱ्याला मूळ ओळ माहीत हवी. बर्कलीच्या सभागृहात ती काही क्षणांपूर्वीच उच्चारली गेली होती. आठ वर्षांनी वाहिन्यांनी वाक्य उचललं तेव्हा मूळ ओळ मागे राहिली. साचा गेला आणि फक्त ओतीव मूर्ती उरली, तीही जणू वक्त्याने शून्यातून घडवलेली.

भाषेचीही एक गंमत इथे आहे. इंग्रजीत ‘आशा करीन’ हे वाक्याच्या सुरुवातीला येतं, त्यामुळे उद्धृत करणाऱ्याला ते तोडून बाकीचं वापरता येतं. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने ते तोडलं तर वाक्यच लंगडं होतं. ‘शहाणी लॅटिना’ एवढे दोन शब्द मात्र कोणत्याही भाषेत सहज सुटून येतात, आणि तेच जगभर गेले.

युक्तिवादातही एक छोटी चूक होती. पुढच्या ओळींत त्या म्हणतात की सर्वोच्च न्यायालयाचे जुने नामवंत न्यायाधीश होम्स आणि कार्डोझो यांच्यासारख्या शहाण्या पुरुषांनीही लिंगभेद आणि वंशभेद कायम ठेवणाऱ्या निकालांत मत दिलं होतं, आणि १९७२ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाने लिंगभेदाच्या एकाही खटल्यात स्त्रीची बाजू उचलून धरली नव्हती. खरं वर्ष १९७१, रीड विरुद्ध रीड या खटल्याचं. मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. यातल्या कार्डोझोंचं घराणं पोर्तुगालशी नातं सांगणारं ज्यू घराणं. २००९ मध्ये काहींनी विचारलं की मग पहिले हिस्पॅनिक न्यायाधीश तेच नव्हेत का? व्याख्येने ओळख मोजायला निघालं की असे प्रश्न उभे राहतातच, आणि सोतोमायोर यांनी त्या ‘निर्जंतुक’ व्याख्येला बाजूला का सारलं ते पुन्हा कळतं.

जुलै २००९ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली. तोवर काही राजकीय नेत्यांनी त्यांना वंशवादी म्हणून झालं होतं, आणि शब्दांची निवड चुकली असं व्हाइट हाउसनेही मान्य केलं होतं. रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचं म्हणणं होतं की मी असं काही बोललो असतो तर माझी कारकीर्द संपली असती. (त्यांनी पुढे मत मात्र सोतोमायोर यांच्या बाजूने दिलं.) सोतोमायोर यांनी उत्तर दिलं की तो वक्तृत्वाचा एक फुलोरा होता, तो फसला, आयुष्याचा अनुभव खटल्याचा निकाल ठरवतो असा त्यातून समज झाला आणि मी तशी काम करत नाही. सुरुवातीच्या निवेदनात त्यांनी न्यायविषयक भूमिका कायद्याशी निष्ठा एवढ्या शब्दांत सांगितली. आईवडील, पोर्तो रिको, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली सरकारी घरांची वसाहत, वडिलांचा मृत्यू, आईचे कष्ट, हे सगळं त्या निवेदनातही आहे. मोर्सिया नाही, हरभरा नाही. बर्कलीत बहुसंख्य श्रोते आपले होते, तिथे वेगळेपणाचा तपशील पूल बांधत होता. सिनेटमध्ये देश ऐकत होता, तिथे पूल बांधायला कोणत्याही अमेरिकन कष्टकरी घराला ओळखीची वाटेल अशी गोष्ट घ्यावी लागली. आयुष्य तेच, निवड वेगळी. यात लबाडी नाही, पण किंमत आहे: ६ ऑगस्टला ६८ विरुद्ध ३१ मतांनी नियुक्ती झाली ती त्या सपाट केलेल्या भाषेवर.

तोवर ‘शहाणी लॅटिना’ हे शब्द टी-शर्टवर आणि मगांवर छापले जात होते. ज्या दोन शब्दांवरून आरोप झाला, तेच अनेक लॅटिना स्त्रियांनी छातीवर मिरवले. वक्त्याने सोडलेल्या शब्दाला श्रोत्यांनी असं दत्तक घ्यावं, हेही वक्तृत्वाचंच काम, वक्त्याच्या हाताबाहेर गेलेलं.

असं एखादं भाषण स्वतः तपासायचं असेल तर छापील प्रत आणि तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात. पहिल्या रंगाने ‘मी’, दुसऱ्याने ‘आपण’, तिसऱ्याने ‘ते’ आणि त्यांच्या सगळ्या रूपांखाली रेघ ओढा. रंग जिथे बदलतो तिथे वक्त्याने श्रोत्यांची बैठक बदललेली असते. परक्या भाषेतला प्रत्येक शब्द गोल करा आणि अर्थ आधी आलाय, नंतर आलाय की आलाच नाही ते समासात लिहा. तपशिलांवर नाव बदलण्याची कसोटी लावा. ‘अधिक’, ‘जास्त’, ‘पेक्षा’ असे तुलनेचे शब्द वेगळे काढा, वाद पेटला तर बहुधा तिथूनच पेटलेला असतो. आणि गाजलेलं वाक्य वर्तमानपत्रातून घेऊ नका, मूळ पानावर जाऊन त्याच्या मागचा आणि पुढचा परिच्छेद वाचा.

बर्कलीच्या भाषणात तो पुढचा परिच्छेद आहे. वेगळ्या अनुभवाची माणसं आपल्याला समजूच शकत नाहीत असं मानणं संकुचितपणाचं ठरेल, असं सोतोमायोर तिथे म्हणतात. आणि मिरियम सेडरबाउम या सहकारी न्यायाधीशांनी दिलेला दाखला सांगतात: सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ गोऱ्या पुरुषांनी अनेकदा ही समज दाखवली आहे, शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्यातसुद्धा. तो निकाल १७ मे १९५४ चा. २५ जूनला ब्राँक्समध्ये सोनिया सोतोमायोर यांचा जन्म झाला.